छान, जमेल हं

३ तारीख, सोमवार

ही वही गाडीतल्या कप्प्यात ठेवणार आहे. घरात ठेवली तर धाकटी चिंगी तिच्यात बेडकांची चित्रं काढेल. गाडीत धोका नाही. माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगला असे चिकटलेले असतात की कप्पा उघडायचं सोडा, नाक खाजवायचीही त्यांची छाती होत नाही.

शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, राग आला की तो तोंडानं काढू नका, लिहून काढा. बाईंना मुलं आहेत का, हे मी विचारलं नाही. चेहऱ्यावरूनच कळत होतं, बाईंची झोप पूर्ण झालेली होती.

तर राग काढते. शनिवारी वन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या गावी मोठं घर, मागे बाग आणि जवळच पोहण्याचा तलाव असलेली भारीतली शाळा. म्हणाल्या, "थोरलीला माझ्याकडे पाठव. पुढच्या वर्षापासून तिथं शिकेल. महिनाअखेर प्रवेश बंद होतात, तेवढं आधी कळव." मी नवऱ्याकडे बघितलं. हे लिफ्ट दुरुस्त करतात. आयुष्य दोन मजल्यांच्या मध्ये गेल्यामुळे घरातही यांना ना वरची बाजू घेता येत, ना खालची. म्हणाले, "तिलाच ठरवू दे. अकरा वर्षांची आहे."

निघताना वन्सं दारात हळूच म्हणाल्या, "राग मानू नकोस हं, पण पोरगी म्हणत होती, आई फार ओरडते."

ओरडते म्हणजे काय? मी ओरडत नाही, मी सांगते. ऐकू जाईल असं सांगते. पण पोरगी त्यापायी घर सोडून जाणार असेल, तर माझा आवाज जळो मेला. ती गेली तर मी काय करू? तिच्या वेण्या घातल्याशिवाय माझी सकाळ होत नाही.

ठरलं. महिनाअखेरपर्यंत आवाज चढवायचा नाही. तोंडात साखर, डोक्यावर बर्फ.

४ तारीख, मंगळवार

बाईंनी सांगितलंय, हुकूम सोडू नका, प्रश्न विचारा. मुलांना विचार करू द्या.

थोरलीचा ओला टॉवेल पलंगावर होता. नेहमीप्रमाणे. मी म्हटलं, "बाळा, हा टॉवेल दोरीवर जास्त छान दिसेल, असं नाही का वाटत तुला?" थोरली माझ्याकडे बघतच राहिली. मग टॉवेल उचलून मुकाट्यानं गेली.

चिंगीला म्हटलं, "दूध आधी पिणार की दात आधी घासणार?" निवड द्यायची असते, असं बाई म्हणाल्या. चिंगी म्हणाली, "तिसरं काय आहे?"

सहा वर्षांच्या पोरीला तिसरं काय आहे ते सांगायला माझा उजवा हात शिवशिवत होता. मोजले आकडे. बाई म्हणाल्या होत्या दहापर्यंत, मी बाजारहाट करून आल्यासारखी बरीच पुढे जाऊन आले.

शाळेला उशीर झाला. पण शांततेत झाला.

६ तारीख, गुरुवार

शिंपीणबाईंची परीक्षा याच महिन्यात आहे, आणि पेन्शनरकाकांचीही. दोघांनाही शेवटच्या तासाला घेते, एकीला आज तर दुसऱ्याला उद्या. त्या वेळी पोरी शाळेतून सुटलेल्या असतात आणि घरी कुणी नसतं, म्हणून त्या मागच्या सीटवर असतात. चिंगी झोपते. थोरली खिडकीबाहेर बघत बसते. वर्षानुवर्षं तेच चाललंय, तिला क्लच-गिअर पाठ झाले असतील.

आज शिंपीणबाईंना जाम सोलून काढलं. "आरसा कशाला लावलाय? टिकली बघायला? बघा मागे!" बाईंचा हात पक्का आहे, नजर पक्की आहे, फक्त आळशीपणा करतात. गाडीत ओरडायला बंदी घातलेली नाही, तिथं माझं पोट आहे. शिवाय जिथं जीव आहे तिथंच घसा कोरडा करावा. पेन्शनरकाकांवर मी कधी ओरडत नाही. त्यांनी बँक सांभाळली असेल आयुष्यभर, पण गाडी मागे घ्यायला सांगितली की ते डोळे मिटतात. अशा माणसाला काय सोलायचं? त्यांना म्हणायचं, "छान, जमेल हं," आणि आपला पाय ब्रेकवर तयार ठेवायचा.

माझ्या बाजूला वेगळा ब्रेक आहे, त्याच्यावरच माझा संसार चाललाय. सवय इतकी मुरलीय की हे गाडी चालवोत, सिनेमातली गाडी धावो, नाहीतर चिंगी जिना उतरो, माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. पोरी हसतात. "आईनं ब्रेक मारला!" माझ्या उजव्या चपलेचा तळवा डाव्याच्या आधी झिजतो, चांभार तर विचारतो, एकाच पायानं चालता का?

९ तारीख, रविवार

पद्धत लागू पडली! आज सगळे टॉवेल दोरीवर. थोरलीनं स्वतःचे, चिंगीचे, यांचेसुद्धा वाळत घातले. वर कपाट आवरलं, बूट रांगेत लावले. मी काही न सांगता! मी म्हटलं, "वा, छान हं बाळा." ती म्हणाली, "अजून काही करू का?"

अजून काही करू का! अकरा वर्षांत मी हे वाक्य या घरात ऐकलं नव्हतं. समुपदेशक बाईंच्या तोंडात साखर पडो.

फक्त जेवली कमी. ऊन फार आहे, म्हणून असेल.

यांना म्हटलं, "बघितलंत? गोड बोलून किती काम होतं!" हे म्हणाले, "मला जरा भीती वाटतेय." मी म्हटलं, "कसली?" तर म्हणाले, "लिफ्ट आवाज न करता चालायला लागली की आम्ही ती उघडून बघतो."

मी गोडच हसले. हे घाईघाईनं भांडी घासायला गेले.

११ तारीख, मंगळवार

खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. हातात वाटी नव्हती, म्हणजे काही मागायला नाही. बसल्या, इकडेतिकडे बघितलं, मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "घरात सगळं ठीक आहे ना? तब्येत वगैरे? की यांचं आणि तुमचं काही..."

"का हो?"

"नाही, आवाज येत नाही हल्ली."

मग खरं ते बाहेर पडलं. त्यांच्या घरी गजर लावतच नाहीत. मी "उठा गं" म्हटलं की त्यांची मुलं उठतात, मी "दात!" म्हटलं की दात घासतात, मी "ही शेवटची वेळ सांगतेय" म्हटलं की त्यांचा नवरा अंघोळीला जातो. गेला आठवडाभर ते घर उशिरानं चाललंय. नवऱ्याला ऑफिसात उशिराबद्दल मेमो मिळाला.

"जरासं तरी..." बाई म्हणाल्या, "सकाळचं तेवढं."

माणसं फुकटच्या सवयी कशा लावून घेतात बघा! मी म्हटलं, घड्याळ घ्या. गोड आवाजात म्हटलं.

१४ तारीख, शुक्रवार

आज हद्द झाली.

चिंगीनं बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर बेडूक काढला. लाल खडूनं. माझ्याएवढा उंच. आणि पळून गेली नाही, भिंतीशेजारी हाताची घडी घालून उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. थोरली दारात उभी होती. तीही माझ्या तोंडाकडेच बघत होती. जणू दोघी निकालाची वाट बघताहेत.

माझ्या आत कुकर शिट्टीला आला होता. मी आकडे मोजले. मग म्हणाले, "बेडूक छान आहे हं चिंगी. पण त्याला कागदावर जास्त मोकळं वाटलं असतं, नाही?"

चिंगीनं थोरलीकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, खरंच संपलाय."

"काय संपलंय गं?" मी विचारलं.

"आवाज," चिंगी म्हणाली, आणि भोकाड पसरलं. मारलं नाही, ओरडले नाही, तरी रडते! थोरलीनं तिला जवळ घेतलं आणि आत नेलं. नंतर बादली-फडकं आणून थोरली भिंत घासत बसली. लाल बेडकाचा गुलाबी बेडूक झाला, बाकी काही फरक नाही.

या मुलांना शिस्त नको, प्रेम नको, नक्की हवंय तरी काय?

१७ तारीख, सोमवार

थोरलीनं गणिताचा पेपर आणून माझ्यासमोर ठेवला. पंचवीसपैकी अकरा. एरवी असला पेपर मला गादीखाली सापडतो. आज स्वतः आणला, आणि पुढ्यात उभी राहिली. सरळ, फळ्यापाशी उभं केल्यासारखी.

अकरा! अपूर्णांक! जे मी स्वतः सुट्टीत पाव कापून कापून शिकवले होते! घरातल्या सगळ्या पावांचे चतकोर झाले होते तेव्हा! तोंडात अख्खं भाषण तयार होतं. पण महिनाअखेर जवळ आली, आता घसरून चालणार नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "काही हरकत नाही. छान प्रयत्न. पुढच्या वेळी जमेल हं."

तिचा चेहरा एवढासा झाला. "ओरडणार नाहीस?" तिनं विचारलं.

"छे गं. आता मी ओरडतच नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

तिनं पेपर घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि गेली. मला वाटतं, भारावली असावी.

२० तारीख, गुरुवार

आज पेन्शनरकाकांनी भर रस्त्यात गाडी कडेला घेतली (नीट नाही घेतली, मी ब्रेक मारला) आणि म्हणाले, "बाई, एक तक्रार आहे."

मी म्हटलं, बोला.

"त्या शिंपीणबाई मला मैदानाच्या फाटकापाशी भेटल्या. म्हणाल्या, तुम्ही त्यांना आरशावरून असं काही बोललात की त्यांना आता स्वप्नातही आरसा दिसतो. कालपरवा तर त्यांनी गाडी मागे घेऊन दोन खांबांच्या मध्ये नेमकी उभी केली म्हणे."

"हो, केली."

"मग मला का नाही बोलत तुम्ही? मीही तेवढेच पैसे भरलेत. माझ्या वाट्याचं ओरडणं कुठं आहे?"

मी पोट धरून हसले. म्हटलं, "काका, तुम्हाला कशाला ओरडू? तुमचं छान चाललंय. जमेल हं."

काका चष्मा पुसत बसले. मागच्या सीटवरून थोरली म्हणाली, "काका, ती आता मलाही ओरडत नाही."

काकांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खिशातून गोळी काढून तिला दिली, एक स्वतः तोंडात टाकली, आणि दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसले, एकाच घरात सुतक असल्यासारखे. या वयात माणसं फार मनाला लावून घेतात.

२२ तारीख, शनिवार

उद्या वन्सं येणार, उत्तर घ्यायला.

थोरलीच्या पलंगाखाली मोठी बॅग दिसली. माळ्यावरची. पुसून ठेवलेली. आज तिनं तिचा रंगांचा डबा चिंगीला दिला. तो डबा, ज्याला चिंगीनं बोट लावलं तरी घरात महायुद्ध व्हायचं. चिंगी म्हणाली, "कायमचा?" थोरली म्हणाली, "हो. मला आता लागणार नाही."

मी दाराआडून ऐकलं.

पेट्रोल भरायला जाते सांगून निघाले आणि पंपावर गाडीत बसून मनसोक्त रडले. पंपावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, भाव सगळीकडे तोच आहे."

काय चुकलं माझं? एवढं गोड बोलले. एकदाही आवाज चढवला नाही. तोंडातून साखर गळून गळून मुंग्या लागायची वेळ आली. तरी पोरगी निघालीच. म्हणजे आधी ओरडले तेव्हाच मन उडालं असणार तिचं, आणि आता वरवरची मलमपट्टी उपयोगाची नाही. उद्याही गोडच बोलायचं. निदान जाताना तरी तिच्या कानात चांगला आवाज जावा.

२३ तारीख, रविवार

सगळं एका दमात लिहिते, नाहीतर विसरेन. विसरायचं नाही मला.

वन्सं जेवायला आल्या. टेबलाला आम्ही पाच जण. बटाट्याची भाजी, भात आणि शांतता. हे आपले मिठाची बरणी इकडून तिकडे सरकवताहेत. चिंगीचा चमचा खाली पडला म्हणून ती टेबलाखाली गेली आणि तिथंच रमली.

वन्सं म्हणाल्या, "मग, काय ठरवलं आमच्या राणीनं?"

थोरली ताटातला बटाटा कुस्करत शक्य तेवढा वेळ काढत होती. मग म्हणाली, "आईला काय वाटतं?" माझ्याकडे न बघता म्हणाली.

माझा आवाज कसा, तर मध. म्हटलं, "तुला हवं ते कर हं बाळा. तू ठरवशील ते छानच असेल. तिथं तुला नक्की जमेल हं."

तिनं मान हलवली. खालच्या ओठाला दात लावून म्हणाली, "बरं. मग जाते मी."

मी हसले. देवाशपथ हसले. म्हणाले, "छान."

तेवढ्यात टेबलाखालून चिंगी किंचाळली, "ताई! आई ब्रेक मारतेय!"

"काय?" वन्सं म्हणाल्या.

"खाली बघा ना! दोन्ही पायांनी! चप्पल वाकलीय तिची!"

थोरली खुर्चीवरून उतरली आणि टेबलाखाली गेली. बराच वेळ वर आलीच नाही. मी पाय उचलायला गेले तर उचलेना, पोटरीत गोळा आला होता. मग टेबलाच्या कडेवर तिचं डोकं आलं. डोळे लाल.

"आई, तू ब्रेक का मारतेयस?"

"सवय आहे गं."

"समोर काहीतरी आलं की मारतेस तू. इथं काय आलंय?"

मग सुटला माझा आवाज. महिन्याभराचा तुंबलेला.

"तू चाललीयस ना गं भवाने! म्हणून मारतेय! ब्रेक नको मारू तर काय हॉर्न वाजवू? कुठं जायचं नाही! ती बॅग आत्ताच्या आत्ता माळ्यावर गेली पाहिजे! आणि अकरा मार्क म्हणजे काय? डोक्यात भुसा भरलाय का? अर्धा आणि पाव मिळून किती होतात ते येत नाही तुला? सगळे पाव कापले मी तुझ्यासाठी! अपूर्णांक न जमायला काय झालंय तुला, चांगली खमकी पोरगी आहेस, लक्ष नसतं तुझं, लक्ष! आणि रंगांचा डबा परत घे तिच्याकडून! चिंगे, तू बाहेर ये आधी, आणि तो बेडूक कोण पुसणार, तुझी सासू?"

खालच्या मजल्यावर काहीतरी धाडकन पडलं आणि कुणीतरी ओरडलं, "उठा उठा, उशीर झाला!" रविवारी दुपारी.

माझा श्वास संपला म्हणून थांबले. चिंगी टेबलाखालून बाहेर आली आणि टाळ्या पिटायला लागली. "आला! आला!" आणि थोरली, रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम, नाकातून पाणी, सगळं.

"म्हणजे मला जमतील?" ती म्हणाली.

"काय जमतील?"

"अपूर्णांक."

"न जमायला तू काय पेन्शनरकाका आहेस?"

"पण तू तसंच बोलत होतीस ना!" ती एकदम ओरडली. आवाज अगदी माझाच. "छान, जमेल हं, छान, जमेल हं! काकांशी बोलतेस तसं. मागे बसून मला माहितेय सगळं. शिंपीणमावशींना तू ओरडतेस, कारण त्या पास होणार असतात. काका नापास होणार म्हणून त्यांच्याशी गोड बोलतेस. मी टॉवेल घातले, भिंत पुसली, पेपरसुद्धा दाखवला, तरी तू गोडच. मला वाटलं, तू माझा नाद सोडलास."

मला बसल्या जागी कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पोरगी तीन आठवडे असं मनात घेऊन झोपत होती, आणि मी या वहीत समुपदेशक बाईंची आरती ओवाळत होते. तिला ओढून मांडीवर घेतली. आता मांडीवर मावत नाही ती, पाय जमिनीला लागतात. तरी घेतली.

वन्सं घसा साफ करून म्हणाल्या, "अगं, मी सांगितलं होतं ना तुला, आई फार ओरडते म्हणून. तिचं पुढचं वाक्य सांगायचं राहिलं माझं. 'शाळेच्या फाटकापाशीसुद्धा ओरडते, मैत्रिणी हसतात,' एवढंच म्हणाली होती ती."

"फाटकापाशी?" मी थोरलीला विचारलं.

"खिडकीची काच खाली करून," ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जातं. घरी ओरड ना. गाडीत ओरड. फाटकापाशी नको."

एवढंच. एवढ्याशा दुखण्यावर मी घरभर साखर पेरत सुटले होते.

हे म्हणाले, "मला वाटतच होतं."

"काय वाटत होतं?" मी नेहमीच्या आवाजात विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले, आणि इतक्या समाधानानं भात वाढून घेतला की मला हसू आलं.

वन्सं मात्र ताटाकडे बघत बसल्या होत्या. घर मोठं आहे त्यांचं, पण चिंगी म्हणते, आत्याकडे घड्याळ ऐकू येतं. मला वाईट वाटलं. म्हटलं, "वन्सं, पोरी सुट्टीत येतील दोघी. आणि तुम्ही काय असं चिमणीसारखं खाताय? हात का आखडताय? घ्या भाजी! उपाशी उठलात तर बघा!"

वन्संनी वर बघितलं. "मलाही ओरडलीस," म्हणाल्या, आणि ताट पुढे केलं.

२७ तारीख, गुरुवार

परीक्षा. शिंपीणबाई पास, त्यात नवल नाही. येताना माझ्यासाठी गाडीच्या सीटला खोळ शिवून घेऊन आल्या.

काकांना परीक्षेआधी मैदानावर एक तास जास्त दिला. थोरली मागे. काकांनी नेहमीसारखी गाडी मागे घ्यायला घेतली आणि डोळे मिटले.

मी दीर्घ श्वास घेतला. "डोळे उघडा! झोपायला आलात का इथं? एवढी बँक सांभाळलीत ती काय डोळे मिटून? आरसा बघा! तो खांब काय तुमच्यावर धावून येणार आहे? हळू! क्लच! क्लच म्हटलं मी! आता डावीकडे, डावीकडे म्हणजे घड्याळाच्या हाताकडे, काका!"

काका घामानं निथळले, कानापर्यंत लाल झाले, आणि गाडी दोन खांबांच्या मध्ये नेऊन उभी केली. माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मागून थोरली टुणकन उडी मारून म्हणाली, "काका! आई तुमच्यावर ओरडली! म्हणजे तुम्हाला जमणार!"

काकांनी चष्मा काढला आणि पुसला, पण या वेळी हसत होते. परीक्षेत चढावावर गाडी बंद पडली, म्हणून नापास झाले. बाहेर येऊन मला म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत बसतो. पण बाई, याच आवाजात हं."

२८ तारीख, शुक्रवार

चार ओळी लिहिते आणि वही बंद करते. राग आता पुन्हा तोंडानं निघतो, लिहायला काही उरत नाही. उरलेली पानं चिंगीच्या बेडकांना.

सकाळी खालच्या बाई जिन्यात भेटल्या. मुलं वेळेवर गेली म्हणाल्या, आणि हातात गरम गरम केक ठेवला.

शाळेच्या फाटकापाशी पोरींना उतरवलं. थोरली मैत्रिणींच्या घोळक्याकडे निघाली, आणि बघते तर काय, जेवणाचा डबा मागच्या सीटवर! तोंड उघडलं होतं. आठवलं. काच वर केली, पूर्ण वर, आणि मग आत बसून जीव तोडून ओरडले, "अगं ए विसरभोळे! डोकं तरी आणलंयस का बरोबर?"

बाहेर कुणाला काही ऐकू गेलं नाही. थोरली मात्र थबकली. वळली, काचेतून माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि पळत परत आली. डबा घेतला. मैत्रिणींकडे पाठ करून म्हणाली, "ऐकू आलं मला."